उंदराची भाऊबीज

दरवर्षी भाऊबीजेला मी सांगलीला भावाकडे जाते. आवडतं म्हणून नाही. गेले नाही तर पुढचं वर्षभर फोनवर टोमणे ऐकावे लागतात, त्यापेक्षा एक दिवस समोर बसून ऐकलेले परवडतात. त्या वर्षी चपला काढून आत गेले, तर दिवाणखान्यातली मंडळी माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत होती. भिंतीवरच्या पडद्यावर एक पांढरीशुभ्र उंदरीण दाणे कुरतडत होती आणि माझा धाकटा भाऊ श्रीशैल, हळदीचा मोठा व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, तिच्यापुढे हात जोडून उभा होता.

"अक्का, वेळेवर आलीस," तो म्हणाला. "आता पुण्यातनं थेट दाखवणार आहेत. शुभ्राची भाऊबीज."

शुभ्रा म्हणजे ती उंदरीण. माझी भाची इंचरा, सात वर्षांची, पडद्याला जवळजवळ नाक लावून बसली होती. हाक मारल्यावर ती वळली आणि माझ्याकडे बघून हसली. म्हणजे माझ्या कपाळाच्या वर वीतभर कुठेतरी बघून हसली.

"सरळ बघ की आत्याकडं," श्रीशैल खेकसला.

ती दीड-दोन वर्षांपासून असंच बघायची. समोरच्या माणसाच्या डोक्यावरून, मान जराशी तिरकी करून. घरात सगळे म्हणायचे, आत्याचा तोरा उचललाय पोरीनं. मी माणसांकडे तशी बघते हे खरं आहे, पण मला ते शिकायला चाळीस वर्षं लागली. इंचराचं कारण वेगळं होतं. तिच्या नजरेचा मधला भाग विझत चालला होता, आणि कडेच्या नजरेनं बघायचं तर माणसाच्या वर बघावं लागतं. डॉक्टरांनी हे समजावून सांगून आठ महिने झाले होते, तरी माझा भाऊ तिला सरळ बघायला सांगत होता.

या रोगामागचं विज्ञान अवघड नाही, आणि माणसांच्या हाती पडेपर्यंत ते सुंदरही असतं. आपल्या प्रत्येक पेशीत कचरा कुजवून पुन्हा वापरात आणणाऱ्या बारीक पिशव्या असतात. त्या धड चालायला एक प्रथिन लागतं आणि ते बनवायची कृती एका जनुकात लिहिलेली असते. कृतीच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी भागतं. दोन्ही बिघडलेल्या आल्या तर कचरा साचत जातो. कातडीच्या पेशी मरतात, नव्या येतात, त्यांचं निभतं. डोळ्याच्या पडद्यातल्या आणि मेंदूतल्या पेशी मात्र जन्मभर त्याच. मूल पाच-सहा वर्षं हसतंखेळतं असतं. मग नजर जाते, मग झटके येतात, मग शिकलेलं एकेक विसरत जातं, बोलणं, चालणं, गिळणंसुद्धा. पंचविशी बघणारी थोडीच.

इंचराला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या, कारण तिचे आईवडील आते-मामे भावंडं. श्रीशैलनं मामाची मुलगी केली, आमच्या वडिलांनीही मामाचीच केली होती. मी कृषी विद्यापीठात ज्वारीच्या वाणांची पैदास करते. शुद्ध वाण टिकवायचं तर आम्ही कणसावर कागदी पिशवी बांधतो, बाहेरचा पराग आत येऊ नये म्हणून. आमच्या घराण्यानं तीच पिशवी पिढ्यान्‌पिढ्या हौसेनं आपल्या डोक्यावर बांधून घेतली होती आणि वर तिला घराण्याची रीत म्हणत होतं.

आता उंदीर. हेच जनुक उंदरातही आहे. माणसाचे आणि उंदराचे पूर्वज वेगळे होऊन आठेक कोटी वर्षं झाली, तरी कृती बरीचशी तीच राहिली. त्यामुळे मुलातली नेमकी चूक उंदराच्या गर्भात घालता येते. पूर्वी अशा उंदरांवर नुसता रोगाचा अभ्यास व्हायचा. मग कुणाला तरी सुचलं, की प्रत्येक आजारी मुलाचा स्वतःचा उंदीर का करू नये? मुलात जे व्हायला दहा वर्षं लागतात, ते उंदरात काही महिन्यांत दिसतं. औषध आधी उंदराला, मग मुलाला. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

पण मग मंडळ आलं. दुर्मिळ बालरोग मंडळ. उपचार निघाला होता. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर धड जनुक बसवून ते डोळ्यात आणि मणक्यातल्या पाण्यात सोडतात. एकदाच सोडायचं, आणि पेशी जिवंत आहेत तोवरच. हा उपचार मंडळाच्या परवानगीशिवाय मिळत नसे, आणि मंडळानं नियम केला होता की उंदीर उत्तीर्ण तर मूल पात्र. उंदरानं फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायचा, चक्रव्यूहातली वाट लक्षात ठेवायची आणि नजर शाबूत राखायची. एका विषयात नापास म्हणजे नापास. बोर्डाच्या परीक्षेपलीकडे ज्यांची कल्पनाशक्ती जन्मात कधी गेली नाही, त्यांनी मरणाऱ्या पोरांसाठीही परीक्षाच काढली, आणि पेपर सोडवायला उंदीर बसवला.

हे उंदीर करायचं काम पुण्याच्या 'सहजात' नावाच्या कंपनीकडे होतं. या कंपनीला विज्ञान किती कळत होतं ते पुढे येईलच, पण गिऱ्हाईक बरोबर कळलं होतं. पिंजऱ्याचं चित्रण चोवीस तास घरच्या पडद्यावर. शिवाय उंदराचं बारसं, उंदराचं उष्टावण, उंदराची पहिली दिवाळी. लोक उंदरासाठी सोमवार धरत होते.

"काळा पण देत होते," श्रीशैल कौतुकानं सांगत होता. "आधी सगळ्यांना काळेच द्यायचे म्हणं. लोकांनी तक्रारी केल्या. पोरीचा जुळा म्हणायचं आणि असला काळाकुट्ट? मग गोरे आणले. आपण गोराच घेतला. गणपतीचं वाहन वाटतंय बघ."

मी काळी. नुसती सावळी नव्हे, काळी. ज्या कारणानं मला बघायला आलेली स्थळं पोहे खाऊन परत गेली, ते कारण आता उंदरांपर्यंत पोचलं होतं. अशा ठिकाणी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पडद्यावर पांढऱ्या कोटावर उपरणं घेतलेला एक माणूस आला. शुभ्रा तेव्हा जेमतेम महिन्याची होती. त्यानं तिच्या शेजारी चार उंदीर पाटावर मांडले आणि त्यांच्या कपाळांवर कुंकवाची टिकली टेकवली. खाली अक्षरं उमटली: शुभ्राचे निरोगी भाऊ. मग त्यानं बोटाएवढं निरांजन लावून ते शुभ्रातर्फे भावांपुढून आणि मग शुभ्रापुढून सावकाश ओवाळलं. ज्योत डावीकडून उजवीकडे गेली, उजवीकडून डावीकडे आली. पाचही जण खाली मान घालून दाणे खात राहिले.

"किती गुणी!" श्रीशैल म्हणाला. "जागचे हलत नाहीत."

मी हसले. मोठ्यानं हसले, लपवलं नाही. गिरिजा, म्हणजे श्रीशैलची बायको, हसली नाही. ती फोन पडद्यासमोर धरून सगळं टिपत होती, आणि ज्योत एका भावाच्या मिशांपाशी जाऊन तो दचकला तेव्हा तिनं पटकन 'शिवाऽ' म्हटलं. माझ्या मामाची ही मुलगी बारावीपर्यंत गणितात पहिली यायची. आज ती उंदराची भाऊबीज टिपत होती. मला तिची कीव यायला हवी होती, पण आली ती शिसारी.

वैशाखात गिरिजाचा फोन आला. एरवी ती मला फोन करत नाही.

"अक्का, शुभ्रा नापास झाली."

"कशात?"

"तोल चांगला आला. वाटपण बरोबर काढली. डोळ्यांत गेली. औषध देऊनसुद्धा तिला काहीच दिसत नाही म्हणतात." मग तिनं सांगितलं, "इंचराचा अर्ज फेटाळला."

मी दुसऱ्या दिवशी सांगलीत होते. श्रीशैल सोफ्यावर पडून छताकडे बघत होता. त्याला राग आला असता तर मी त्याला मानलं असतं. त्याला राग आला नव्हता.

"आता नशिबातच नाही तर कुणाला बोलून काय करायचं," तो म्हणाला. "आपल्यासमोर औषध दिलं तिला. आपल्यासमोर आंधळी झाली. उद्या पोरीच्या डोळ्यात सुया घालून तेच व्हायचं असलं तर कशाला? डॉक्टर म्हणाले, पुढच्या बाळाच्या वेळी आधीच तपासून घेता येतं."

इंचरा तिथेच जमिनीवर चित्र रंगवत होती. कागद तिनं डोळ्यांच्या कडेला धरला होता. पुढचं बाळ हे शब्द तिच्या कानांवर पडले आणि तिच्या बापाला त्याचं काही वाटलं नाही.

तेवढ्यात कंपनीचा माणूस आला. अन्वय कोल्हटकर त्याचं नाव, आणि हुद्दा कुटुंबमित्र. तिशीचा, इस्त्री केलेला, आवाजात साय. त्यानं शुभ्राची चौकटीत बसवलेली तसबीर टीपॉयवर ठेवली आणि शुभ्राला निरोप द्यायचा कार्यक्रम घरबसल्या कसा बघता येईल ते सांगायला लागला.

"निरोप म्हणजे?" गिरिजानं विचारलं.

"ज्यांची चाचणी संपते त्यांना आम्ही शांतपणे झोपवतो, मॅडम."

"मारता म्हणा की," मी म्हटलं. "वाण कोणतं?"

"सॉरी?"

"उंदराचं वाण. जनुक बदललंत ते कोणत्या जातीच्या उंदरात? काळ्यांचं एक असेल, पांढऱ्यांचं दुसरं असेल. ज्वारीत आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो."

"हा आपला प्रीमियम व्हाइट आहे."

"प्रीमियम व्हाइट सदऱ्याच्या कापडात असतं. पुण्याला फोन लावा."

त्यानं लावला. तीन माणसं बदलल्यावर चौथ्याला वाणाचं नाव माहीत होतं. मी ते माझ्या फोनवर शोधलं. शोधायला काही विद्वत्ता लागली नाही. पहिल्याच परिच्छेदात होतं. वाण उत्तम, एका वेतात भरपूर पिल्लं, गर्भात बदल करायला सोपं. आणि एक जन्मजात दोष: डोळ्याच्या पडद्याचं एक वेगळंच जनुक मोडलेलं, पिल्लू आईचं दूध सोडेपर्यंत आंधळं होतं. इंचराच्या रोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. उंदरांवर काम करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या पोराला हे ठाऊक असतं. आंधळा उंदीर पिंजऱ्यात ओळखू येत नाही, तो नाकावर आणि मिशांवर जगतो. म्हणूनच विचारावं लागतं.

मी ते सगळं मोठ्यानं वाचलं. अन्वय कोल्हटकरच्या आवाजातली साय जरा फाटली.

"आपल्याकडच्या लाइनमधून तो दोष काढून टाकलेला आहे, मॅडम. पुरवठादारानं तसं लिहून दिलंय."

"तुम्ही तपासलंत?"

"पुरवठादारानं लिहून दिलंय."

"शुभ्राच्या शेपटीचं टोक द्या. उद्या संध्याकाळी सांगते."

"उंदीर कंपनीची मालमत्ता आहे. नमुना बाहेर देता येत नाही."

"बरं. तुलनेचा वाफा कुठे आहे?"

हे त्याला कळलं नाही. नवं वाण शेतात लावताना शेजारच्या वाफ्यात जुनं, माहितीचं वाण लावतात. दोन्ही वाळलं तर दोष पाण्याचा. नवंच वाळलं तर दोष वाणाचा. शेजारचा वाफा नसेल तर त्या प्रयोगाला प्रयोग म्हणत नाहीत. शुभ्राची निरोगी भावंडं हा तिचा तुलनेचा वाफा. त्यांना दिसत होतं का, एवढाच प्रश्न होता.

"निरोगी पिल्लं आपण ठेवत नाही," तो म्हणाला. "कुटुंबांना निरोगी उंदरांत रस नसतो."

माझ्या तोंडात जे आलं ते इंचरा समोर होती म्हणून गिळलं. मंडळाचा नियम मला माहीत होता. फेरविचार फक्त कंपनीच्या नोंदीत असलेल्या पुराव्यावर, आणि नोंदीत एकही निरोगी उंदीर नाही.

"भाऊ होते की," गिरिजा म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो.

"भाऊबीजेला. चार भाऊ पाटावर बसवले होते. निरोगी भाऊ म्हणून खाली लिहिलं होतं, कंपनीनंच." तिनं फोन काढला. ते चित्रण तिनं इतक्यांदा पाहिलं असावं की शोधावं लागलं नाही. "हे बघा. ज्योत डोळ्यांपुढून गेली तरी एकजण मान वळवत नाही. हा दचकला तो मिशीला चटका बसल्यावर. मला तेव्हाच वाटलं होतं, ह्यांना दिसत नाही का. पण तुम्ही हसत होता, अक्का. म्हटलं आणखी एक वेडेपणा कशाला दाखवा."

आम्ही ते पुन्हा पुन्हा पाहिलं. नजर असलेला उंदीर हलत्या ज्योतीमागे मान फिरवतो, नाहीतर पळ काढतो. हे चार भाऊ आणि पाचवी बहीण महिन्याचे असतानाच ठार आंधळे होते. इंचराच्या रोगानं उंदराची नजर जायला कित्येक महिने लागतात, आणि भावांना तर तो रोगच नव्हता. शुभ्राला औषध भाऊबीजेनंतर दिलं होतं, म्हणजे तिचे डोळे त्याआधीच गेलेले होते. औषधानं काम करायला तिथे काही शिल्लकच नव्हतं. तोल आणि वाट तिनं राखली, म्हणजे मेंदूत औषध लागू पडलं होतं.

जे काम शास्त्रज्ञ म्हणवणाऱ्यांनी केलं नाही ते भाऊबीजेनं केलं होतं. बिचाऱ्या उंदराला भाऊ हवेत म्हणून कुणीतरी त्याचे निरोगी भाऊ शोधून पाटावर बसवले, आणि तेवढाच एक तुलनेचा वाफा साऱ्या प्रकरणात होता. मी हसले होते त्या भाऊबीजेनं. हे मला फार आवडलं नाही, पण पुरावा तो पुरावा.

फेरविचाराची सुनावणी पुण्यात. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, खुर्चीतून निवृत्त व्हायचं मात्र राहून गेलेले. शेजारी एक डॉक्टरीणबाई आणि कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ. मुख्य शास्त्रज्ञांची पदवी संगणकाची होती. उंदीर त्यांनी बहुधा टेबलावरचाच हाताळला असावा.

चित्रण सुरू झालं. टिकल्या लावलेले उंदीर बघून अध्यक्ष खुदकन हसले.

"हा तुमचा वैज्ञानिक पुरावा?"

"तुमच्या कंपनीचा आहे. शिक्का बघा. आता उंदरांकडे बघू नका, ज्योतीकडे बघा, आणि मग माना बघा."

त्यानंतर मी दुसरं चित्रण लावलं. कंपनीचीच जुनी जाहिरात, काळ्या उंदरांच्या दिवसातली. तीच भाऊबीज, तसंच निरांजन. ज्योत फिरली तशा सगळ्या काळ्या माना फिरल्या, आणि एकजण तर ओवाळणाऱ्याच्या बाहीत शिरला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"हे पांढरे उंदीर आंधळे आहेत," त्या म्हणाल्या.

"निरोगी आणि आंधळे," मी म्हटलं.

मुख्य शास्त्रज्ञांनी घसा खाकरला. मग दृष्टीचे गुण रद्द धरावेत, मुलीसाठी नवा काळा उंदीर करावा, निकाल वर्षभरात येईल, असं त्यांनी सुचवलं. अध्यक्षांना ते रास्त वाटलं. वर्षभरात इंचराच्या डोळ्यांत वाचवण्यासारखं काय उरेल, हे मी विचारणार होते. त्याआधी गिरिजा उठली. तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला होता.

"साहेब, गोरा उंदीर आणखी कुणी कुणी घेतला?"

"बहुतेक कुटुंबं पांढराच पसंत करतात," मुख्य शास्त्रज्ञ म्हणाले.

"त्यातले पास किती झाले?"

मुख्य शास्त्रज्ञ कागद चाळायला लागले. मी मंडळाचा वार्षिक अहवाल आणला होता, त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं. 'पांढरा पर्याय निवडणाऱ्या कुटुंबांतील मुलांमध्ये रोगाचे स्वरूप लक्षणीयरीत्या तीव्र असल्याचे आढळून आले आहे.' म्हणजे पांढरे सगळेच्या सगळे नापास होत होते, हे यांना दिसलं होतं. आणि त्यावरून यांनी निष्कर्ष काढला होता, की ज्यांना गोरा उंदीर आवडतो त्यांच्या पोरांचा आजार वाईट! त्या अहवालावर अध्यक्षांची सही होती. प्रस्तावनाही त्यांचीच होती.

अध्यक्षांनी शिपायाला जवळ बोलावून हळूच विचारलं, "बाहेर पत्रकार आहेत का?"

दोन होते. मीच बोलावले होते. त्या एका प्रश्नानं जे झालं, ते विज्ञानानं झालं नसतं. इंचराला परवानगी मिळाली, पांढऱ्या उंदरांचे सगळे फेटाळलेले अर्ज पुन्हा उघडायचं ठरलं, आणि अध्यक्षांनी ही सूचना आपलीच असल्यासारखी लिहून घेतली.

बाहेर व्हरांड्यात एक माणूस बाकावर बसला होता. लातूरकडचा. खांद्यावर मुलगा झोपलेला, खांद्यावर घ्यायच्या वयाच्या कितीतरी पुढचा, पाय गुडघ्यापर्यंत लोंबत होते. आतलं बोलणं त्याला ऐकू गेलं होतं.

"ताई, आमचा बी गोराच होता," तो म्हणाला. "नापास झाला तवा ह्यो पळत होता. आता देतील का?"

मला जगात कुणालाही उत्तर देता येतं असा माझा लौकिक आहे.

"देतील," मी म्हटलं. गेलेल्या पेशी औषधानं परत येत नाहीत हे मी सांगितलं नाही. त्याला माहीत होतं. तो मान हलवून मुलाच्या पाठीवर थोपटत राहिला.

परतताना आम्ही तिघं गाडीत होतो. कराड मागे पडल्यावर श्रीशैल पुढे बघतच म्हणाला, "गोरा मीच निवडला ना."

वर्षानुवर्षं साठवलेलं पुष्कळ काही माझ्या ओठांवर होतं. पोह्यांपासूनचं.

"हो," मी म्हटलं. "तूच."

खोटं सांत्वन करायला मी कुटुंबमित्र नाही. पण बाकीचं साठवलेलं मी बोलले नाही. तो रडत होता, आणि गाडी त्याच्या हातात होती.

पुढच्या भाऊबीजेला मी गेले तेव्हा भिंतीवर पडदा नव्हता. त्याजागी पिंजरा होता. परवानगीबरोबर गिरिजानं उंदीरही मागून घेतला होता आणि कंपनीनं तोंड बंद राहावं म्हणून तो मुकाट दिला होता. शुभ्रा आंधळी, लठ्ठ आणि अत्यंत खाष्ट झाली होती. या रोगाच्या उंदराची या वयात जी अवस्था व्हायला हवी, तिचं तिच्यात चिन्हही नव्हतं. मला ती आवडली.

इंचराला आषाढात औषध मिळालं होतं. झटके अजून सुरू झालेले नाहीत, आणि डॉक्टर म्हणतात बहुधा होणार नाहीत. नजरेचा मधला भाग मात्र गेला. परवानगी वैशाखात पहिल्यांदाच मिळाली असती तर त्यातला थोडा तरी राहिला असता. कडेची नजर उरली आहे आणि ती टिकेल.

श्रीशैलला ओवाळून झालं. मी ताम्हन खाली ठेवणार तोच गिरिजानं इंचराला पाटावर बसवलं.

"हिलापण ओवाळा, अक्का."

"भाऊबीजेला भाचीला ओवाळतात होय?"

"उंदराला चालतं, हिला का नाही?"

मी निरांजन उचललं. डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, सावकाश. मी ओवाळत नव्हते, मी तपासत होते. निदान स्वतःला तसं सांगत होते. पोरीची मान ज्योतीमागे फिरत होती. ज्योत बरोबर समोर आली की हरवायची, आणि ती हनुवटी उचलून, मान तिरकी करून तिला पुन्हा शोधायची.

"मी दिसते का गं?" मी विचारलं.

ती माझ्या कपाळाच्या वर वीतभर कुठेतरी बघून हसली. मग आजवरचा ओरडा आठवून ती गडबडली, आणि तिनं मान खाली करून डोळे सरळ माझ्या तोंडावर आणले. त्यासरशी तिचं हसू मावळलं. मी तिला दिसेनाशी झाले होते.

"वर बघ, बाळा," श्रीशैल मागून घाईनं म्हणाला. "आत्याच्या डोक्यावरनं बघ. वर."